श्रावणात बसवलेली मूठ वैशाखात का फुटते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात जुन्या जीपच्या कमानपाट्यातून (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यातून) शिकारी घाटाची सुरी बनवली. पोलाद मुळातच कडक, म्हणून त्याला पुन्हा पाणी दिलं नाही, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलं नाही. श्रावणात शिसवाच्या दोन पट्ट्या पाच मिनिटांत वाळणाऱ्या अ‍ॅराल्डाइटने चिकटवून पितळी रिपिटांनी ठोकून बसवल्या. एप्रिलमध्ये पुढच्या रिपिटापासून उभी चीर गेली. शेपटीची, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागाची, लोखंडी कड आता तळहाताला लागते. डाळिंबाच्या फांद्या छाटल्या की धार वळते. मुठीवर पितळी तारेची नक्षी करायची आहे, तर चुकलं कुठे?

चुका दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. धार वळते हा दोष भट्टीचा, आणि मूठ फुटली हा दोष पंचांगाचा. लाकूड वाईट नव्हतं, रिपिटंही वाईट नव्हती. महिना चुकला. नक्षीचा विचार या दोन्हींनंतर करायचा, कारण हललेल्या लाकडावर तार टिकत नाही.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, म्हणजे ते मधे येणार नाही. ‘शिकारी सुरी’ हे आता फक्त घाटाचं नाव राहिलं आहे. पाठ टोकाकडे हलकेच उतरते, पोट भरलेलं असतं आणि बोट पुढे सरकू नये म्हणून खाच असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि नान्नजला माळढोक अभयारण्य असलेल्या जिल्ह्यात हे कुणाला सांगायला लागू नये. सुरी वापरायची ती शेतात, स्वयंपाकात, हुरड्याच्या शेकोटीला. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक वापरासाठी घडवलेल्या त्यातून वगळल्या आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात जेव्हा मनाई आदेश लागू असतो, तेव्हा कमरेला सुरी लावून फिरणं अंगाशी येतं. पातं ४ इंचांचं ठेवा. कामाला तेवढं पुरतं, आणि लांब पातं सरळ राखणंही अवघड असतं.

आता पोलाद. कमानपाटा कडक असतो हे खरं, पण तो कमानीपुरता कडक असतो. गाडीखाली तो वाकून परत सरळ व्हायला हवा, म्हणून कारखान्यात पाणी दिल्यावर त्याला साधारण ४५० अंशांपर्यंत तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवलेला असतो. त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ४२ ते ४८ च्या आसपास येतो. सुरीच्या धारेला ५७-५८ लागतो. म्हणजे नुसता घासून आकार दिलेला पाटा मोडणार नाही, पण त्याची धार वळतच राहणार. अँगल ग्राइंडरने धार काढताना ती निळी पडली तर तिथलं पोलाद ३०० अंशांजवळ गेलेलं असतं. ४५० ला उतरवलेल्या पाट्याला त्याने फरक पडत नाही, पण नव्याने कडक केलेली धार त्याने मऊ होते. निळा रंग पॉलिश पेपरने जातो, मऊपणा जात नाही.

जुना पाटा घेताना एक तपासणी सोडू नका. लाखो वेळा वाकल्याने त्यात केसासारख्या भेगा असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आणि टोकाच्या डोळ्याजवळ. भोकाच्या दोन्ही बाजूंचे ४०-४० मिमी सरळ टाकून द्या. उरलेला तुकडा घासून चकचकीत करा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडा पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. भेग असेल तर आत गेलेलं रॉकेल पुडीवर बारीक काळसर रेघ काढतं. ही रेघ दिसली की तो तुकडा खुरप्यालाही वापरू नका. नवी पट्टी मिळत असेल तर एन ४७ किंवा ८०सीआरव्ही२ या जातीचं पोलाद घ्या. पहिल्या सुरीला जुन्या पाट्याची बचत शेवटी महागच पडते.

पाटा लालभडक करून लाकडाच्या राखेत किंवा कोरड्या चुन्यात रात्रभर पुरून ठेवला की मऊ होतो, मग कानस चालते. एकूण लांबी २२० मिमी, त्यात पातं १०० आणि मूठ १२०. पाठीची जाडी ४ मिमी पुरे. जीपचा पाटा ६-७ मिमी भरतो, तो ऐरणीवर पातळ करायचा तर नारिंगी-पिवळ्या रंगावर ठोका आणि रंग मंद लाल झाला की हात थांबवा. थंड पडत चाललेल्या पोलादावर घण मारला की आत भेगा पडतात आणि त्या दिसतात पाणी दिल्यावर. हा व्याप नको असेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडर असलेल्या वर्कशॉपकडून जाडी काढून घ्यावी.

भट्टीत घालण्याआधी चार गोष्टी झालेल्या असाव्यात. धारेची कड १ मिमी जाड ठेवा. चाकूसारखी पातळ केली तर तेलात ती लाटेसारखी वळते. पातं आणि शेपूट जिथे मिळतात तिथे काटकोन नको, किमान ३ मिमी त्रिज्येची गोलाई हवी, कारण चीर कोपऱ्यातूनच निघते. सगळी भोकं आत्ताच पाडा, नंतर ड्रिल चालणार नाही. आणि शेपटीत रिपिटांच्या दोन भोकांशिवाय आणखी तीन-चार भोकं पाडून ठेवा. वजन उतरतं, शिवाय त्यांतून अ‍ॅराल्डाइटचे खुंट दोन्ही पट्ट्यांना जोडतात.

‘पाणी देणं’ हा शब्द आपल्याकडे रूढ आहे, पण या पोलादाला पाणी देऊ नका. क्रोमियम असलेलं कमानीचं पोलाद पाण्यात घातलं की बऱ्याचदा तिथेच ‘टिंग’ असा आवाज करून तडकतं. विळ्या-कोयत्याच्या साध्या पोलादाला लोहार पाणी देतात म्हणून इथेही तेच चालेल असं समजू नये. शेंगदाण्याचं तेल ४-५ लिटर, लोखंडी डब्यात, ५० ते ६० अंशांवर तापवून घ्या. थंड तेल दाट असतं, पात्याभोवती वाफेचं कवच टिकतं आणि पोलाद सावकाश निवतं. इंजिनाचं जळकं तेल वापरू नये. त्याचा धूर विषारी असतो. झाकण शेजारी ठेवा, तेल पेटलं तर डबा झाकायचा. पाणी ओतायचं नाही.

तापमान ८३० ते ८५० अंश. भट्टीवर मीटर नसेल तर लोहचुंबकाची खूण वापरतात, पण ती अर्धीच आहे. चुंबक ७७० अंशांना चिकटेनासं होतं आणि आपल्याला त्याच्या वर जायचं असतं. त्यासाठी स्वयंपाकघरातलं मीठ चांगलं. ते ८०१ अंशांना वितळतं. पात्यावर चिमूटभर मीठ टाका, ते पाण्यासारखं पसरलं की तिथून रंग एक छटा उजळू द्या आणि दोन मिनिटं तिथेच धरा. हे काम भर दुपारी अंगणात करू नका. सोलापूरच्या उन्हात ९०० अंशांचं पोलादही मंद लाल दिसतं आणि माणूस तापवतच राहतो. जादा तापलेल्या पोलादाचे कण मोठे होतात, मग धार खड्याखड्याने तुटते. दिवेलागणीची वेळ किंवा अंधारी खोली, तीही हवा खेळती असलेली, हीच योग्य.

त्याआधी तीनदा ‘निवत’ घ्या. पातं ८७० च्या आसपास तापवून हवेत काळं होईपर्यंत धरायचं, मग तेच थोड्या कमी तापावर, मग आणखी कमी. ठोकताना साठलेला ताण यात निघतो. ही पायरी गाळली की पातं केळीच्या पानासारखं वाकून बाहेर येतं, आणि मग लोक दोष तेलाला देतात.

तेलात पातं टोकाकडून उभं, एका दमात घाला. हलवायचं ते धार-पाठीच्या दिशेने, बाजूला नाही. बाजूला हलवलं तर एक अंग आधी निवतं आणि पातं तिकडे वळतं. दहा सेकंदांनी बाहेर काढून नजर टाका. साधारण २५० अंशांपर्यंत ते अजून पूर्ण कडक झालेलं नसतं, जाड हातमोजे घालून दोन लाकडी फळ्यांत दाबून सरळ करता येतं. ही सवड मोजून काही सेकंदांची असते. हाताला सोसेल इतकं निवल्यावर कानस फिरवून बघा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. सुरुवातीला किंचित रुतली तर घाबरू नका, वरचा पातळ थर भट्टीत कार्बन गमावून मऊ होतो. तो खरवडल्यावरही रुतत असेल तर ताप कमी पडला, सगळं पुन्हा.

या अवस्थेत पातं काचेइतकं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. रात्रभर तसंच ठेवलं तर कधी आपोआप तडकतं. अर्ध्या तासाच्या आत ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, बाहेर काढून पूर्ण थंड, पुन्हा दोन तास. घरच्या ओटीजीचा काटा वीस-पंचवीस अंशांनी खोटं बोलतो आणि कॉइल चालू-बंद होताना ताप वर-खाली जातो. म्हणून ट्रेमध्ये वाळू भरून पातं तिच्यात पुरा आणि वेगळा थर्मामीटर लावा. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट गव्हाळ रंग आला की बरोबर. जांभळा दिसला तर पुढे गेलात. ओव्हनचं काम झाल्यावर शेपूट तेवढी गॅसच्या टॉर्चने निळी करा, धार ओल्या फडक्यात गुंडाळून. शेपटीला धार नको असते, लवचीकपणा हवा असतो.

यानंतरचं सगळं घासकाम उघड्या बोटांनी, शेजारी पाण्याची बादली ठेवून. बोटाला चटका बसला की बुडवा. धारेमागची जाडी ०.४ मिमीपर्यंत आणा आणि प्रत्येक बाजूला २० अंशांनी धार लावा. फांद्या छाटायच्या असतील तर २२-२३ अंश. मात्र फांदीत रुतलेली सुरी पिळून काढायची सवय असेल तर कुठलीही धार वळेल.

आता मुठीकडे. लोखंड भट्टीत एकदा बदललं की आयुष्यभर तसंच राहतं. लाकूड दर महिन्याला बदलतं, आणि सोलापूरसारख्या गावात फारच बदलतं. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४२-४३ वर असतो आणि हवेत दमटपणा नावाला. अशा हवेत लाकडातलं पाणी वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं. पावसाळ्यात तेच लाकूड घरात ठेवलेलं असूनही १४ टक्क्यांपर्यंत जातं. कोकणात लाकूड वर्षभर ओलसरच असतं, तिथे हा झोका इतका मोठा नसतो. म्हणून तिकडच्या कारागिराची पद्धत इथे जशीच्या तशी उतरवली की फसते.

झोक्याचा हिशेब मांडून बघा. शिसव ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे ३ टक्के आकसतं. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे अनुक्रमे ०.२ आणि ०.१ टक्का. मूठ ३० मिमी रुंद, फरक ९ टक्क्यांचा. पट्टी वर्तुळांच्या दिशेने कापलेली असेल तर अर्धा मिमी आकसते, दुसऱ्या दिशेने कापलेली असेल तर पाव मिमी. लांबीत जवळपास काहीच नाही. शेपूट मात्र ३० ची ३०. हाताला लागते ती कड म्हणजे हाच अर्धा मिमी, दोन्ही बाजूंना वाटलेला.

मग चीर का? श्रावणात बसवलेली पट्टी फुगलेली होती. पाच मिनिटांचं अ‍ॅराल्डाइट वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतं, त्याने पट्टीला पोलादाला घट्ट बांधून टाकलं. चैत्रात पट्टी आकसायला लागली, पण चिकटलेली बाजू सरकेना. तो सगळा ताण रेषांना आडवा आला, आणि लाकूड त्याच दिशेने सगळ्यात दुबळं असतं. त्यात रिपिट ठोकताना पितळ भोकात फुगून पाचरीसारखं बसलेलं होतं. फुटायला जागा आधीच तयार होती. कारमध्ये डॅशबोर्डवर सुरी ठेवायची सवय असेल तर तेही कारण धरा. उन्हात बंद गाडीत तो भाग ६० अंशांवर सहज जातो आणि असलं अ‍ॅराल्डाइट तिथे मऊ पडतं.

उपाय साधा आहे, पण थांबायची तयारी हवी. मूठ बसवायची ती दिवाळीनंतर, माघापर्यंत. तेव्हा लाकडात ८-९ टक्के पाणी असतं, म्हणजे झोक्याचा मध्य. मग ते उन्हाळ्यात थोडं आत जाईल, पावसाळ्यात थोडं बाहेर येईल, पण दोन्हीकडे निम्मंच. मे महिन्यात बसवलेली मूठ फुटत नाही, मात्र जुलैत शेपटीच्या बाहेर ओठासारखी फुगून येते. ते घासून सपाट केलं की पुढच्या उन्हाळ्यात आत जाते. घासायची घाई करू नये ती याचसाठी.

पट्ट्या आत्ताच कापून ठेवा: १३० × ४० × १० मिमी. दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड लेप, कारण पाणी टोकांतून दसपट वेगाने जातं आणि टोकं आधी तडकतात. पट्ट्यांच्या मधे काड्या ठेवून माजघरात रचा. गच्चीवर उन्हात वाळवलेलं लाकूड वरून कडक आणि आतून ओलं राहतं, मग पीळ भरतो. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पट्टीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा. सलग दोन आठवडे वजन हललं नाही की ती हवेशी जुळली.

कापताना टोकाकडून बघा. पट्टी टेबलावर आडवी ठेवल्यावर टोकावरच्या वर्षांच्या रेघा उभ्या दिसल्या पाहिजेत. असा काप पाव मिमीवाला. आडव्या रेघांच्या कापावर डोंगरासारखी सुंदर नक्षी दिसते, आणि दुकानदार तोच काप पुढे करतो. सोलापुरात सलग, मुठीएवढ्या रुंद शेपटीच्या मुठीला उभ्या रेघांचाच काप घ्यावा हे माझं स्पष्ट मत. डोंगराची नक्षी हवीच असेल तर शेपूट बारीक करून अख्ख्या ठोकळ्यात घुसवायची पद्धत वापरा. तिथे लोखंडाची कड बाहेर दिसतच नाही, लाकूड कितीही हललं तरी हाताला कळत नाही. शोभेच्या मुठीला खरं तर हीच जास्त शोभते.

लाकूड कुठलं? शिसव उत्तम आहे, तक्रार नाही. जड, गुळगुळीत, काळसर रेघांचं, पण तेलकट. बाभळीचा गाभा तांबूस, चिवट, गाडीच्या चाकांना आणि औताला पिढ्यान्पिढ्या वापरलेला. हलतो थोडा जास्त. कडेचा पांढरा भाग मात्र घेऊ नका, त्यात भुंगा लागतो आणि सहा महिन्यांनी मुठीतून पीठ गळायला लागतं. चिंचेचा गाभा जांभळट काळा, फार देखणा. जुन्या झाडात मधे थोडासाच मिळतो आणि रेषा उलटसुलट असल्याने रंधा मारताना उपटतो, तो घासूनच करावा. बोर दाट आणि लालसर, छोट्या मुठीला छान. सागवान सगळ्यात कमी हलतं, पण मऊ, दगडावर आपटलं की खळी पडते. अंजन अतिशय जड आणि कठीण, ड्रिल जाळतं. पहिल्या कामाला नको. आंबा दिसायला सुंदर, पण हाताच्या घामाने काळा पडतो. तो रेझिन भरूनच वापरावा: आधी १०० अंशांवर चोवीस तास सुकवून, निर्वात भांड्यात बुडबुडे थांबेपर्यंत रेझिनमध्ये ठेवून, मग तापवून. शिसव-अंजनात रेझिन शिरतच नाही, तो खर्च वाया. आणि हे तापून वाळणारं रेझिन मे महिन्यात खोलीतल्या कपाटात ठेवू नका, थंड जागी ठेवा. डब्यातच घट्ट होतं.

सागवान, खैर, चिंच, आंबा, अंजन ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत, त्यामुळे बांधावरचं झाड स्वतःचं असलं तरी तोडायला परवानगी लागते. वखारीतले तुकडे बिलासह घ्या. चंदनाच्या वाटेला जाऊच नका.

सोलापुरात आणखी एक गोष्ट मिळते: बंद पडलेल्या मागांचे धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारे लाकडी ठोकळे. कठीण, दाट, वर्षानुवर्षं घासून काचेसारखं झालेलं लाकूड. पण धोटा मधे बॉबिनसाठी पोकळ असतो, भरीव भाग टोकांकडेच सापडतो. त्यात पूर्ण पट्टी बसत नाही. मुठीच्या पुढच्या तोंडाला बोटाच्या पेराएवढा तुकडा म्हणून तो चांगला. कारखान्यातलं तेल मुरलेलं असतं, अ‍ॅसिटोनने दोन-तीनदा पुसल्याशिवाय काही चिकटत नाही.

पट्टी आणि पोलाद यांच्या मधे १ मिमीचा अस्तर ठेवा. व्हल्कनाइज्ड फायबर (दाबून घट्ट केलेला कागदी पुठ्ठा) किंवा दाट चामडं. तो ताण खातो, चीर वाचवतो. सुती चादरीच्या कापडाचा अस्तरही घरी होतो: धुऊन खळ काढलेल्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून दोन काचांमध्ये दाबायचे. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड रेझिन पीत नाही, ते थर नंतर सुटतात. आणि चादरीवरचा मोर मुठीत दिसेल अशी आशा धरू नका. कड घासल्यावर फक्त रंगीत रेघा दिसतात, पण त्या लाल-काळ्या-पिवळ्या रेघा शिसवाशेजारी फार खुलतात.

बसवण्याचा दिवस. शेपूट ६० नंबरच्या पेपरने खरखरीत करा, शिसवाची आतली बाजू अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच, तासाभरात चिकटवा. उशीर केला तर आतलं तेल पुन्हा वर येतं. पात्याकडची पट्टीची तोंडं आधीच ४०० नंबरपर्यंत घासून घ्या, नंतर तिथे हात जात नाही आणि पात्यावर ओरखडे पडतात. अ‍ॅराल्डाइट चोवीस तासांत वाळणारंच, दोन्ही ट्यूब सारख्या मापाने. ‘थोडं हार्डनर जास्त घालू, लवकर वाळेल’ हा गैरसमज आहे, तसं केलेलं मिश्रण कायम मऊ राहतं. हवा दहा अंशांनी तापली की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो, म्हणून सकाळी करा. क्लॅम्प हलकेच आवळा. जोर लावला तर सगळं बाहेर येतं आणि आत कोरडा सांधा राहतो. बाहेर आलेलं कानकोरण्याच्या कापसाला अ‍ॅसिटोन लावून ओलं असतानाच पुसा.

रिपिटं ठोकायची नाहीत. ६ मिमीची पितळी सळई, ६.२ चं भोक, सळईवर कानशीचे ओरखडे, अ‍ॅराल्डाइटसह सरकवून द्या. बास. पुढच्या तोंडापासून भोकाचं अंतर किमान १५ मिमी. वाळल्यावर बेल्टवर घासताना पितळ लाकडापेक्षा कितीतरी वेगाने तापतं. भोवती काळं वर्तुळ पडतं आणि आतलं अ‍ॅराल्डाइट सुटतं. दोन सेकंद घासा, थांबा, बोट लावा. मास्क लावल्याशिवाय शिसव घासू नका, त्याच्या भुशाने अंगावर पुरळ येतो, दमा असलेल्यांना श्वासही लागतो. मुठीचा छेद अंड्यासारखा ठेवा, २९-३० मिमी उंच आणि २१-२२ जाड. पूर्ण गोल मुठीत धार कुठे आहे ते हाताला अंधारात समजत नाही.

आता नक्षी. शिसमच्या लाकडात पितळी तार ठोकण्याची जुनी कला उत्तर प्रदेशात मैनपुरीला तारकशी म्हणून चालते, तीच रीत इथे लागू होते. अर्धा मिमीची पितळी तार लाल करून मऊ करा, ऐरणीवर हलक्या हाताने चपटी पट्टी करा. धारदार टोकाने १ ते सव्वा मिमी खोल सरळ खाच पाडा, लाकूड बाहेर काढायचं नाही, फक्त फाकवायचं. पट्टीची उभी कड खाचेत ठोका, केसभर वर ठेवा, ओलं फडकं फिरवा. लाकूड फुगून तार धरतं. मग सपाट घासा. पितळाची भुकटी शिसवाच्या छिद्रांत बसून काम मळकट दिसतं, म्हणून आधी पातळ शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्या आणि घासणं रेषांच्या दिशेने ठेवा.

इथेही तोच हिशेब. रेषांच्या दिशेने जाणारी लांब तार जागेवर राहते, कारण लाकूड लांबीत हलत नाही. मुठीला आडवी घातलेली सरळ लांब तार उन्हाळ्यात मधूनच उचलते, अंगठ्याला टोचते. आडवं काही हवंच असेल तर छोटे तुकडे, वेलीचं वळण, बिंदू असं मोडून घ्या. तळहात जिथे घट्ट बसतो तिथे नक्षी करूच नका, बाजूच्या सपाट भागावर करा. हौशी कामात नक्षी बहुतेकदा गरजेच्या दुप्पट असते. एक वेल आणि दोन बिंदू असलेली मूठ दहा वर्षांनीही बघवते.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. २२०, ४००, ६०० अशा क्रमाने घासून, मधे एकदा ओलं फडकं फिरवून उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून, मग तेल. उकळलेलं जवस तेल पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी सगळं पुसून काढा, दिवसाआड एक याप्रमाणे पाच-सहा हात. जाड लावलेलं तेल आठवडाभर चिकट राहतं आणि धूळ पकडतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल मुठीला लावू नका, ती तेलं लाकडावर घट्ट होतच नाहीत, चिकट आणि खवट होतात. आणि जवसाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर धोका जास्तच. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

म्यान बाभळीच्या सालीवर कमावलेल्या चामड्याचं करा, पण सुरी त्यात कायम ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओलावा धरतं आणि पाटा स्टेनलेस नाही.

सध्याच्या सुरीचं काय? ती वाया गेलेली नाही. रिपिटांची डोकी ५ मिमीच्या ड्रिलने काढा, मूठ दहा मिनिटं उकळत्या पाण्यात धरा, अ‍ॅराल्डाइट मऊ पडलं की पातळ पटाशी सांध्यात सरकवून पट्ट्या उचला. पातं भेगांसाठी रॉकेल-खडूने तपासा. धार आधीच पातळ केलेली असल्याने ती २-३ मिमी मागे घासून कड पुन्हा १ मिमी जाड करा आणि मग भट्टीत घाला. पातं थोडं अरुंद होईल, होऊ द्या. हे काम आत्ता उन्हाळ्यात उरकून घ्या, दिवेलागणीला. नव्या पट्ट्या मात्र आज फक्त कापून, टोकांना मेण लावून, वजन लिहून माजघरात ठेवा. पावसाळ्यात वजन वाढलेलं दिसेल. दिवाळीनंतर ते उतरत येऊन थांबलं की अ‍ॅराल्डाइटची ट्यूब उघडा.